कपाटातली पेटी आणि निकाहची नोंदवही

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तलासरीहून एक आपा आमच्या घरी आल्या. सोबत त्यांची मुलगी होती. ती आमच्या शाळेत शिकलेली, आता वापीला नोकरी करते. आपांचे शौहर उंबरगावच्या एका कारखान्यात बावीस वर्षे कामाला होते. उन्हाळ्यात त्यांचा इंतकाल झाला. भविष्य निर्वाह निधीच्या विधवा निवृत्तिवेतनासाठी अर्ज केला, तेव्हा कागदांचा गोंधळ बाहेर आला. कारखान्याच्या कागदावर वारस म्हणून मरहूमांच्या आईचे नाव, तेही लग्नाआधी भरलेले. आपांच्या आधार कार्डावर एक नाव, रेशन कार्डावर दुसरे, आणि घरात सगळे हाक मारतात ते तिसरेच. कार्यालयातला कारकून भला माणूस होता. तो म्हणाला, "लग्नाचा पुरावा आणा, मी फाइल पुढे सरकवतो."

निकाह १९९८ साली डहाणूत, आपांच्या माहेरी झाला होता. निकाहनामा घरात होता, पण आता नाही. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी भागात जमीन हादरू लागली, ते दिवस वाचकांना आठवत असतील. धुंदलवाडीच्या आसपास रोज धक्के, भिंतींना तडे, लोक थंडीत घराबाहेर झोपलेले, शाळेतली मुले वर्गाऐवजी मैदानात बसलेली. २०१९ च्या फेब्रुवारीत ४ पेक्षा जास्त तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा आपांच्या घराची मागची भिंत खचली. सामान बाहेर काढले, तंबूत ठेवले, पुन्हा आत आणले. त्या उचलाठेवीत कागदांची पत्र्याची पेटी कुठे गेली, ते आजपर्यंत कळलेले नाही.

राहिली जमातीची नोंदवही. तिची कहाणी आणखी वाईट. कपाटामागची भिंत दोन पावसाळे ओली राहिली आणि तीन जुन्या वह्यांची पाने एकमेकांना चिकटून वीट झाली. काझीसाहेबांनी सुरीच्या टोकाने एक पान सोडवून पाहिले, तर शाई पुढच्या पानावर गेलेली.

मुलगी आमच्याकडे पाहून म्हणाली, "सर, तुम्हीच तर आम्हा मुलांकडून त्या वह्या स्कॅन करून घेतल्या होत्या. आम्ही सातवीत होतो."

खरेच की. २०१२ च्या उन्हाळी सुटीत आम्ही आणि आमच्या एका सहकारी शिक्षकांनी सात-आठ मुलांना घेऊन जमातीच्या सगळ्या वह्या पानापानाने स्कॅन केल्या होत्या. कुवेतहून सुटीवर आलेल्या एका भाईंनी त्यासाठी एक काळी पेटी भेट दिली होती. ती पेटी शाळेच्या लोखंडी कपाटात वरच्या खणात होती. भूकंपाच्या दिवसांत पडून फुटू नये म्हणून आम्ही ती टॉवेलात गुंडाळून तळाच्या खणात ठेवली, आणि तिथेच विसरलो.

ही पेटी म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण अनेक घरांत, दुकानांत, फोटो स्टुडिओत ती पडून आहे आणि लोक तिला राउटर समजतात. इंग्रजीत तिला नेटवर्क स्टोरेज म्हणतात, दुकानदार 'नॅस' म्हणतात. आत एक किंवा दोन हार्ड डिस्क असतात आणि त्यांच्याबरोबर एक लहानसा संगणकही असतो. पेनड्राइव्हसारखी ती संगणकाला खोचायची नसते. लॅनची तार राउटरला लावायची, म्हणजे घरातला किंवा कार्यालयातला कुठलाही संगणक तिच्यातल्या फाइली उघडू शकतो. मागे यूएसबीचे छिद्र दिसते, पण ते बहुधा पेटीला आणखी एखादी डिस्क किंवा प्रिंटर जोडण्यासाठी असते. ते छिद्र आणि आपला लॅपटॉप यांच्यात तार लावली तर काहीच होत नाही. आम्ही ते करून पाहिले, म्हणून खात्रीने सांगतो.

पेटी बाहेर काढून वीज दिली. दिवा लागला नाही.

इथे आम्ही पहिली चूक केली. घाईत पेटी उचलली आणि महामार्गाकडच्या एका दुरुस्ती दुकानात नेली. मालकाने पाच मिनिटांत स्क्रू काढले, डिस्क बाहेर काढली आणि यूएसबीच्या जोडणीने आपल्या संगणकाला लावली. पडद्यावर चौकट आली: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? मालकाचा हात माउसवर होता. तो म्हणाला, "डिस्क खराब झालीय सर, फॉरमॅट मारून बघू." आम्ही जवळजवळ ओरडलोच.

डिस्क खराब नव्हती. अशा बहुतेक पेट्या आत लिनक्सवर चालतात आणि डिस्कवरची मांडणी लिनक्सच्या पद्धतीची असते. विंडोजला ती वाचता येत नाही, म्हणून ती कोरी किंवा बिघडलेली आहे असे विंडोज समजते आणि मोठ्या अदबीने पुसून टाकण्याची परवानगी मागते. मोडी न येणाऱ्या माणसाने जुने दस्तऐवज रद्दीत टाकावेत, तसाच हा प्रकार. त्या चौकटीत 'रद्द' हे एकच उत्तर बरोबर आहे. आम्ही डिस्क परत पेटीत बसवून घेतली, मजुरी दिली आणि घरी आलो.

रोग साधा निघाला. पेटी धडधाकट होती, तिचा अडॅप्टर मेला होता. आमच्याकडे समुद्राची खारी हवा, त्यात विजेचा लपंडाव. अडॅप्टर इथे फार जगत नाहीत. घरात जुना सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर होता, टोक बरोबर बसत होते, पण बसते म्हणून लावायचे नसते. पेटीच्या खाली छापलेले असते किती व्होल्ट आणि किती अँपिअर. आमच्या पेटीवर १२ व्होल्ट, २ अँपिअर होते. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, आणि टोकाच्या आतली बाजू धन की ऋण याची खूण दोन्हीकडे जुळली पाहिजे. डहाणू स्टेशनजवळ तसा अडॅप्टर मिळाला. दिवा लागला, डिस्क फिरल्याचा आवाज आला. तेरा वर्षांची डिस्क आणि इतका सरळ आवाज! आपांची मुलगी तिथेच होती, ती "अलहमदुलिल्लाह" म्हणाली. आम्ही मात्र अजून गप्पच होतो.

आणि ते बरेच झाले, कारण लॅपटॉपला पेटी दिसेना.

शाळेचा जुना विंडोज ७ चा संगणक २०१२ मध्ये 'नेटवर्क' वर टिचकी मारली की पेटीचे नाव दाखवायचा. आमच्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. तिथे ती जागा रिकामी. पेटीचे नाव हाताने टाइप केले, तर 'नेटवर्कचा मार्ग सापडला नाही' असा संदेश आणि खाली आकडा, ज्याच्या शेवटी ३५ असतात. तार तपासली, राउटर बंद-चालू केला. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी पाहिली, तर पेटी तिथे होती, तिला १९२.१६८.१.३४ असा पत्ताही मिळालेला. म्हणजे दोघे एकाच घरात होते, पण बोलत नव्हते.

का बोलत नव्हते? इथे थोडा इतिहास आहे.

संगणकांनी एकमेकांच्या फाइली उघडायच्या तर त्यांची एक ठरलेली बोली लागते. विंडोजच्या जगात त्या बोलीचे नाव एसएमबी. १९८० च्या दशकात आयबीएममधल्या बॅरी फेगेनबॉम यांनी ती आखली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवली. तिची पहिली आवृत्ती ज्या काळी झाली, त्या काळी कार्यालयातले दहा संगणक एकमेकांना जोडणे हीच मोठी गोष्ट होती. चोर आत येईल हा विचार कुणाच्या मनात नव्हता. विंडोज व्हिस्टाबरोबर दुसरी आवृत्ती आली, २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर तिसरी. पण घरगुती पेट्या बनवणाऱ्यांनी स्वस्तात काम भागवण्यासाठी पहिल्या आवृत्तीवरच अनेक वर्षे काढली.

या पेट्यांच्या आत ती बोली बोलणारा जो प्रोग्राम असतो त्याचे नाव सांबा. तो अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियातल्या विद्यार्थ्याने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिला आणि सर्वांना फुकट दिला. त्याने आधी ठेवलेले नाव दुसऱ्या कुणाच्या मालकीचे निघाले, तेव्हा त्याने शब्दकोशात एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने येणारे शब्द शोधले आणि 'सांबा' उचलला. वर्गात मुलांना हे सांगितले की त्यांना फार आवडते. मग ती आपापल्या नावांतून शब्द शोधत बसतात आणि तास संपतो.

आता २०१७ कडे येऊ. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतले एक भोक शोधून स्वतःपाशी ठेवले होते. ते हत्यार चोरीला गेले आणि एप्रिलमध्ये जगजाहीर झाले. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच ते भोक बुजवणारी दुरुस्ती दिली होती, पण ती घेतो कोण? १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर विषाणू सुटला. तो एका संगणकातून दुसऱ्यात आपला आपण शिरायचा, फाइलींना कुलूप लावायचा आणि पैसे मागायचा. दीडशेच्या आसपास देशांत तो पोचला. ब्रिटनमध्ये इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले. महिना-दीड महिन्यात, २७ जूनला, त्याच भोकाचा वापर करणारा दुसरा हल्ला झाला. त्याने मर्स्क ही जगातली बडी जहाज कंपनी आडवी केली, आणि आपल्या न्हावाशेव्याला जवाहरलाल नेहरू बंदरातील या कंपनीच्या गटाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. कंटेनर कुठला, कुणाचा, कुठे ठेवायचा हे सांगणारा संगणकच गप्प, तर क्रेन उचलणार काय? आता आमच्या डहाणूजवळ वाढवणला बंदर होऊ घातले आहे. त्याबद्दल इथे घरोघरी दोन मते आहेत आणि त्यात आम्ही आत्ता पडत नाही. पण बंदर म्हणजे नुसता धक्का आणि क्रेन नव्हे, हे त्या दिवशी न्हावाशेव्याने दाखवले.

या सगळ्यानंतर मायक्रोसॉफ्टने जुनी बोली घराबाहेर काढायला सुरुवात केली. २०१७ च्या ऑक्टोबरपासून विंडोज १० मधून ती हळूहळू निघत गेली आणि विंडोज ११ मध्ये ती मुळातच बंद असते. 'नेटवर्क' खाली पेटीचे नाव आपोआप दिसण्याची जी सोय होती, तीही याच जुन्या बोलीच्या आधारावर उभी होती, म्हणून तीही गेली. सांबावाल्यांनीही २०१९ मध्ये पहिली आवृत्ती आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली. २०२४ च्या उत्तरार्धात आलेल्या विंडोज ११ च्या २४ एच २ आवृत्तीने, विशेषतः तिच्या 'प्रो' प्रकाराने, आणखी दोन अटी घातल्या: प्रत्येक संदेशावर सही हवी, आणि नाव-पासवर्ड न देता पाहुणा म्हणून येणाऱ्याला दार बंद. जुन्या पेट्या नेमक्या या दोन्हींत नापास होतात. थोडक्यात, आमचा लॅपटॉप बिघडला नव्हता आणि पेटीही बिघडली नव्हती. लॅपटॉपला तिच्याशी बोलायची मनाई होती, आणि ती मनाई रास्त होती.

आमचा एक जुना विद्यार्थी संगणकाचा अभ्यासक्रम करतो. फोनवर तो म्हणाला, "सर, दोन मिनिटांचं काम आहे. जुनी बोली चालू करून देतो." आम्ही त्याला थांबवले. ज्या दाराने चोर आला म्हणून ते दार बुजवले, ते आधी उघडायचे आणि मग विचार करायचा, हे आम्हाला पटेना. आधी दुसरे दार आहे का ते पाहू म्हटले.

दुसरे दार होते. या पेट्यांना स्वतःचे एक पान असते, ते ब्राउझरमध्ये पेटीचा पत्ता टाइप केला की उघडते. ब्राउझर 'हे ठिकाण सुरक्षित नाही' अशी तक्रार करतो. पेटी आपल्याच घरात, आपल्याच राउटरला असेल तर ती तक्रार ऐकून पुढे जाता येते. आमचे पान उघडले आणि पासवर्ड मागू लागले.

तो पासवर्ड ठेवला होता आमच्या त्या सहकाऱ्यांनी. २०२१ च्या कोविडमध्ये ते गेले.

पेटीच्या मागे पिनेने दाबायचे एक बारीक बटण असते. काही पेट्यांत ते दाबले की फक्त पासवर्ड मूळचा होतो, काहींत जास्त वेळ दाबले तर सगळेच पुसले जाते. आपल्या पेटीचे कुठले, ते तिची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय कळत नाही. पुस्तिका आमच्यापाशी नव्हती. म्हणून पिनेला हात न लावता आम्ही मरहूम सरांच्या घरी गेलो. भाभींनी त्यांच्या डायऱ्या जपून ठेवल्या आहेत. त्यांनी २०१२ ची काढून दिली. शाळेच्या सहलीचा हिशेब, प्रश्नपत्रिकेचे मुद्दे, आणि मे महिन्याच्या एका पानावर चौकटीत पेटीचे नाव व पासवर्ड. पासवर्ड म्हणजे त्यांच्या धाकट्या मुलीचे नाव आणि तिचे जन्मवर्ष. भाभींनी ते पान बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "चहा घेऊन जा." आम्ही बसलो. त्या दिवशी पेटीचे काम पुढे गेले नाही.

दुसऱ्या दिवशी पान उघडले. पहिले काम म्हणजे पेटीसाठी नवी दुरुस्ती मिळते का ते पाहणे. काही कंपन्यांनी उशिरा का होईना, दुसरी बोली शिकवणारी दुरुस्ती दिली होती. ती मिळाली तर सगळाच प्रश्न मिटतो. आमच्या पेटीसाठी अशी काही नव्हती. पण 'सेवा' या भागात एफटीपीचा पर्याय होता. एफटीपी ही एसएमबीपेक्षाही म्हातारी पद्धत, १९७० च्या दशकातली. क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरनी ती २०२१ मध्ये काढून टाकली, पण फाइलझिला नावाचा फुकट प्रोग्राम ती अजून चालवतो. तिच्यात पासवर्ड उघडा जातो, म्हणून ती इंटरनेटवरून वापरू नये. घरातल्या घरात तासाभरासाठी चालते. इंटरनेटची तार आम्ही राउटरमधून त्या वेळेपुरती काढूनच ठेवली.

फाइलझिलात पत्ता, नाव, पासवर्ड दिला आणि उजव्या बाजूला पेटीतले फोल्डर उघडले. तेरा वर्षांनी. पण नावांच्या जागी प्रश्नचिन्हे आणि चित्रविचित्र अक्षरे! आम्ही दोघेही उर्दूचे शिक्षक. हौसेने सगळ्या फोल्डरना उर्दू लिपीत नावे दिली होती. जुन्या एफटीपीला त्याची दाद नाही. तोड अशी: फाइलझिलाच्या साइट मॅनेजरमध्ये अक्षरसंचाचा एक भाग आहे, तिथे यूटीएफ-८ सक्तीने वापरा असे निवडायचे आणि पुन्हा जोडायचे. जोडले, आणि नावे सरळ झाली. ज्या घरांत मराठी, उर्दू किंवा गुजराती नावांच्या फाइली आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावे. न केले तर फाइल उतरते, पण तिचे नाव कायमचे बिघडते आणि हजार पानांत हवे ते शोधणे मुश्किल होते.

आम्ही सगळे एकदम ओढायला गेलो नाही. जुनी डिस्क कधी मान टाकेल सांगता येत नाही, म्हणून आधी नोंदवह्या, मग शाळेचे फोटो, मग बाकीचे. वेगाबद्दल आधीच मन तयार ठेवावे. आमच्या पेटीने सेकंदाला ८ मेगाबाइटच्या आसपास दिले. म्हणजे ३०० गीगाबाइटला साडेदहा तास. लॅपटॉप मधेच झोपू नये अशी सेटिंग केली आणि पेटी व राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले. रात्री दोन वाजता वीज गेलीच.

१९९८ ची वही सकाळी उघडली. आपांची मुलगी फोनवर होती. पान सापडायला अर्धा तास लागला, कारण स्कॅन करणाऱ्या मुलांनी दोन वह्यांची पाने उलटसुलट क्रमाने ठेवली होती. पान तिरके आले होते आणि खालच्या कोपऱ्यात कुणाचा तरी लहान अंगठा होता. पण अनुक्रमांक स्वच्छ, तारीख स्वच्छ, दुल्हा-दुल्हनची नावे वडिलांच्या नावासकट, मेहरची रक्कम, वकील आणि दोन्ही गवाहांच्या सह्या. आपांचे नाव तिथे आधार कार्डावर आहे तसेच, अक्षर न् अक्षर.

स्कॅनची छापील प्रत म्हणजे दाखला नव्हे. काझीसाहेबांनी ती पाहिली, चिकटलेल्या वहीचा अनुक्रमांक बाहेरच्या कव्हरवरून जुळवला, दोन गवाहांपैकी जे हयात आहेत त्यांना बोलावून सही ओळखून घेतली आणि मगच जमातीच्या कागदावर सही-शिक्क्याचा उतारा दिला. गवाह चाचांचे वय ऐंशीच्या पुढे. स्वतःची सही पाहून ते हसले आणि म्हणाले, "त्या दिवशी जेवणात मीठ कमी होते."

ही गोष्ट डहाणूत पसरली आणि महिन्याभरात एक फोटो स्टुडिओवाले आपली पेटी घेऊन आले. पंधरा वर्षांतली लग्ने, दोन टेराबाइट. त्यांच्या पेटीत एफटीपी नव्हते आणि दुरुस्तीही नव्हती. तिथे जुनी बोलीच चालू करावी लागली, म्हणून ती कशी करतात तेही सांगतो. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्राम्सच्या भागात विंडोजच्या सोयी चालू-बंद करण्याची यादी आहे. तिथे 'एसएमबी १.०/सीआयएफएस' च्या खाली तीन खुणा असतात. फक्त 'क्लायंट' ला खूण करायची. 'सर्व्हर' ला करायची नाही; त्याने आपला संगणकच त्या जुन्या बोलीत दुसऱ्यांना दार उघडून देतो, आणि २०१७ चा चोर त्याच दाराने आला होता. संगणक बंद-चालू करायचा आणि दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन पेटीचा आकडी पत्ता टाइप करायचा, नाव नाही. पाहुण्याला मनाई असल्याचा संदेश आला तर ती मनाई उठवण्यापेक्षा पेटीच्या पानावर जाऊन एक नवे नाव आणि पासवर्ड तयार करावा. सही मागणाऱ्या 'प्रो' आवृत्तीत ती अट तात्पुरती शिथिल करावी लागते. ते काम जाणत्याच्या हातून करून घ्यावे आणि काम झाल्यावर परत पूर्ववत करून घ्यावे. त्या काळात इंटरनेटची तार काढलेली बरी. फोटो उतरले की खूण काढून टाकायची. हाताने चालू केलेली ही बोली विंडोज आपणहून काढून टाकेल, या भरवशावर राहू नये.

पेटीच मेली आणि डिस्क जिवंत असेल, तर दुकानदाराच्या फॉरमॅटपेक्षा चांगला रस्ता आहे. आठ गीगाबाइटच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट घ्यायचे आणि संगणक त्यावरून सुरू करायचा. संगणकात काही बसवावे लागत नाही. डिस्क यूएसबी जोडणीने लावली की बहुधा फोल्डर दिसतात. बहुधा म्हणतो, कारण काही कंपन्यांनी मांडणी स्वतःच्या पद्धतीने केलेली असते, आणि दोन डिस्क असलेल्या पेटीत एकीवर अर्धे आणि दुसरीवर अर्धे असू शकते. तिथे हौशी हात थांबलेले बरे.

स्टुडिओवाल्यांचा बेत होता की आता पेटी इंटरनेटला जोडून ग्राहकांना घरबसल्या फोटो दाखवावेत. आम्ही त्यांना २०२१ च्या जूनची गोष्ट सांगितली. 'माय बुक लाइव्ह' या लोकप्रिय जुन्या पेट्या, ज्यांना २०१५ नंतर कंपनीकडून दुरुस्ती मिळत नव्हती, त्या इंटरनेटवरून कुणीतरी एका फटक्यात कोऱ्या केल्या. जगभर लोक सकाळी उठले तर वर्षानुवर्षांचे फोटो गायब. कंपनीला सांगावे लागले की पेटीची इंटरनेटची तार ताबडतोब काढा. स्टुडिओवाल्यांनी सगळे ऐकले आणि विचारले, "मग ठेवू कुठे?" आम्ही म्हटले, दोन नव्या डिस्क घ्या, एक दुकानात, एक घरी. त्यांनी एकच घेतली. दुसरी दिवाळीनंतर घेतो म्हणाले.

आम्ही जमातीच्या वह्यांच्या तीन प्रती केल्या. एक काझीसाहेबांकडे, एक शाळेत, एक आमच्या एका नातेवाइकाच्या घरी बोईसरला, म्हणजे उद्या डहाणूत पाणी शिरले किंवा जमीन पुन्हा हलली तरी एक बाहेर राहील. प्रत्येक डिस्कबरोबर एक कागद ठेवला आहे: आत काय आहे, कुठल्या वर्षी उतरवले, पासवर्ड असेल तर काय. हा कागद पेनने लिहिलेला आहे. पुढच्या उन्हाळी सुटीत २०१२ नंतरच्या वह्या स्कॅन करायच्या आहेत. मुले तयार आहेत, अंगठा बाजूला ठेवण्याची त्यांना आधीच ताकीद दिली आहे.

आपांची फाइल कार्यालयाने उताऱ्यासह दाखल करून घेतली. वारसाच्या नावाची दुरुस्ती झाली आहे, निवृत्तिवेतन अजून सुरू व्हायचे आहे. गेल्या आठवड्यात मुलीचा फोन होता. कारकुनाने मूळ स्कॅनची रंगीत प्रत मागितली आहे, ती सोमवारी तलासरीला पाठवतो आहोत.